वसाहतकालीन इंग्रजीचा स्थानिक भाषेवरील परिणाम कसा अभ्यासावा

इंग्रजी राजवटीने स्थानिक भाषांचे काय केले, या विषयावर लिहायला बसलेला अभ्यासक बहुधा प्रथम उसन्या शब्दांची यादी करतो. अशी यादी करणे सोपे असते आणि ती वाचायलाही रंजक वाटते. परंतु तिच्यातून मूळ प्रश्नाचे उत्तर क्वचितच मिळते. हजारो परके शब्द पचवूनही भाषा धडधाकट राहू शकते, आणि फारसे इंग्रजी शब्द न घेताही एखादी भाषा दोन-तीन पिढ्यांत बोलायची थांबू शकते. म्हणून पुढील मार्गदर्शनाचा भर एकाच तपासावर आहे: न्यायालय, शाळा, जमिनीची नोंद, धर्म, नोकरी आणि घर यांपैकी कोणत्या व्यवहारातून ती भाषा बाहेर पडली, केव्हा पडली, कोणाच्या निर्णयामुळे पडली आणि तिची जागा कोणत्या भाषेने घेतली. हा तपास नीट झाला की शब्दांच्या यादीलाही अर्थ येतो.

प्रश्नाची मर्यादा आधी ठरवावी

‘भारतीय भाषांवरील इंग्रजीचा परिणाम’ किंवा ‘आफ्रिकेतील भाषांची गळचेपी’ असे विषय अभ्यासाला पेलत नाहीत. एक भाषा, एक प्रदेश आणि साधारण शंभर-दीडशे वर्षांचा काळ इतकेच क्षेत्र घ्यावे. ते ठरल्यावर तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढाव्यात: इंग्रजी भाषेचा परिणाम, इंग्रजी सत्तेचा परिणाम, आणि त्या सत्तेच्या सोयीमुळे वर चढलेल्या तिसऱ्याच एखाद्या भाषेचा परिणाम. या तिन्हींची सरमिसळ ही या विषयावरील लेखनातली सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

अंदमानचे उदाहरण घ्यावे. १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे ब्रिटिशांनी कैद्यांची वसाहत उभारली. त्यानंतर जमीन गेली, संघर्ष झाले, साथीचे रोग पसरले आणि ग्रेट अंदमानी समाज झपाट्याने घटत गेला. १९०१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ६२५ होती आणि १९६१ मध्ये ती १९ वर आली होती. अका-बो ही त्यांच्यातील एक भाषा बोलणाऱ्या बोआ सीनियर २०१० मध्ये वारल्या आणि ती भाषा बोलणारे कोणीच उरले नाही. मात्र या समाजाच्या तोंडी रोजच्या वापरात इंग्रजी आली नव्हती. ती जागा हिंदीने घेतली होती. येथे नाश सत्तेने घडवला आणि बदली भाषा निराळीच होती. ‘इंग्रजीने अंदमानी भाषा गिळल्या’ असे वाक्य लिहिणारा अभ्यासक वसाहतीच्या अपराधाचे स्वरूपच चुकीचे सांगतो.

याच्या उलट चित्र आजच्या मेघालयातील खासी टेकड्यांत दिसते. १८४१ मध्ये सोहरा येथे आलेले टॉमस जोन्स हे वेल्स देशाचे मिशनरी होते. त्यांनी खासी भाषेसाठी रोमन लिपी वापरली आणि तिची वर्णलेखनपद्धती वेल्श भाषेच्या धर्तीवर बसवली. इंग्रजी साम्राज्याच्या वाटेने आलेल्या, पण स्वतः इंग्रजीच्या दडपणाखाली असलेल्या भाषेच्या माणसाने दुसऱ्या एका भाषेला छपाई आणि शाळेचे दार उघडून दिले. अशी उदाहरणे अडचणीची वाटली तरी ती वगळू नयेत.

निर्णयांचा कालपट तयार करावा

दुसरे काम म्हणजे कायदे, आदेश आणि अनुदाने यांची तारीखवार मांडणी करणे. वेल्समध्ये १५३६ च्या कायद्याने न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. आयर्लंडमध्ये १७३७ च्या कायद्याने न्यायालयीन कामकाज इंग्रजीत करण्याचे बंधन आले आणि १८३१ पासून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय शाळांनी इंग्रजीतून शिकवले. न्यूझीलंडमध्ये १८६७ च्या नेटिव्ह स्कूल्स कायद्याने तेथील मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या मुलांच्या शाळा इंग्रजीशी जोडल्या. कॅनडात १९२० च्या दुरुस्तीने आदिवासी मुलांना सरकारने ठरवलेल्या शाळेत पाठवणे सक्तीचे करता आले.

भारताच्या बाबतीत हा कालपट जरा गुंतागुंतीचा आहे आणि तेथे थोडे थांबावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉले यांनी इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारे आपले टिपण सादर केले आणि ७ मार्च १८३५ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने ठराव केला. १८३७ मध्ये न्यायालये व महसूल यांतील फारसीचे अनिवार्य स्थान गेले आणि अनेक ठिकाणी तिच्या जागी प्रादेशिक भाषा आल्या, म्हणजे त्याच दशकात देशी भाषांना एक दार उघडलेही गेले. १८४४ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. १८५४ च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी आणि सर्वसाधारण जनतेच्या शिक्षणासाठी देशी भाषा अशी विभागणी मान्य केली.

मेकॉले यांचे टिपण सर्वांना पाठ असते, पण भाषांच्या भवितव्याच्या दृष्टीने १८४४ चा निर्णय मला अधिक परिणामकारक वाटतो. टिपणाने शाळेचा पैसा कोठे जाईल हे ठरवले. नोकरीच्या धोरणाने घराघरांत आईबापांनी मुलाला काय शिकवायचे हे ठरवले. त्यात १८५४ ची विभागणी मिळवली की एक उतरंड तयार होते: खालच्या वर्गांत मराठी, बंगाली किंवा तमिळ, वरच्या वर्गांत इंग्रजी, आणि या दोन्हींच्या खाली, कोणत्याही पायरीवर नसलेल्या कोरकू, गोंडी, भिली यांसारख्या भाषा. वसाहतीने मराठीला इंग्रजीच्या खाली ठेवले आणि त्याच वेळी आदिवासी भाषांच्या वर ठेवले. मराठीभाषक अभ्यासकाने आपल्या भाषेची बाजू मांडताना हा दुसरा अर्धा भाग लपवू नये.

कालपटात प्रत्येक निर्णयासमोर दोन रकाने ठेवावेत: कागदावर काय होते आणि प्रत्यक्षात काय घडले. वेल्समधील शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवण्याची शिक्षा एकोणिसाव्या शतकात प्रचलित होती. पण तिच्यामागे सरकारी कायदा नव्हता, शिक्षकांनी ती चालवली आणि काही ठिकाणी पालकांचीही संमती होती. कायद्यांच्या यादीत ही शिक्षा सापडणारच नाही. तसेच १९४७ वर कालपट थांबवू नये. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांचे कामकाज, संसद दुसरी तरतूद करेपर्यंत, इंग्रजीत चालते. दुसरीकडे १९५६ मध्ये जोडलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगतो. वसाहत संपल्यावर कोणती व्यवस्था कायम राहिली आणि कोणती बदलली, हेही याच कालपटात दिसले पाहिजे.

व्यवहारांचा तक्ता: अभ्यासाचा गाभा

आता एक तक्ता आखावा. उभ्या बाजूला व्यवहार लिहावेत: न्यायालय, महसूल, प्राथमिक शाळा, उच्च शिक्षण, छपाई, धर्मविधी, बाजार, कामाची जागा, शेजार, घरातील मोठ्यांचे आपसांतले बोलणे आणि मोठ्यांचे मुलांशी बोलणे. आडव्या बाजूला वीस-पंचवीस वर्षांचे टप्पे घ्यावेत. प्रत्येक चौकटीत त्या काळी तेथे कोणती भाषा चालत होती आणि ते कोणत्या पुराव्यावरून कळते, हे लिहावे. पुरावा नसेल तेथे चौकट रिकामी ठेवावी. अंदाजाने भरलेली चौकट पुढे वस्तुस्थिती म्हणून वाचली जाते.

या तक्त्याचे बळ वेल्स आणि आयर्लंड शेजारी ठेवले म्हणजे कळते. दोन्ही देशांवर सत्ता एकच, न्यायालयाची भाषा एकच, दोन्हीकडे शाळेत इंग्रजीचा आग्रह. तरीही १८९१ मध्ये वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलत होते, तर आयर्लंडमध्ये १८५१ मध्येच आयरिश बोलणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यापर्यंत उतरले होते. फरक तक्त्याच्या इतर ओळींत आहे. १५८८ मध्ये संपूर्ण बायबल वेल्शमध्ये छापले गेले, पुढे फिरत्या शाळा आणि रविवारच्या शाळांनी सामान्य माणसाला वेल्श वाचायला शिकवले, आणि त्यामुळे धर्म व छपाई ही दोन क्षेत्रे त्या भाषेच्या हाती राहिली. कोळसा आणि लोखंडाच्या उद्योगामुळे ग्रामीण वेल्शभाषकांना सुरुवातीला आपल्याच देशात काम मिळाले. आयर्लंडमध्ये आयरिशला धर्माचा आणि छपाईचा तसा आधार मिळाला नाही, आणि १८४५ नंतरच्या महादुष्काळाने नेमक्या आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागाला सर्वाधिक झोडपले; जे वाचले त्यांच्यापुढे स्थलांतराची वाट होती आणि त्या वाटेवर इंग्रजी लागत होती. न्यायालय आणि शाळा गेल्यावरही भाषा तग धरू शकते, पण दुसऱ्या एखाद्या भक्कम क्षेत्राचा टेकू हवा.

तक्त्यातली शेवटची ओळ, म्हणजे मोठ्यांचे मुलांशी बोलणे, सर्वांत महत्त्वाची आहे. युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये भाषेचे जिवंतपण मोजण्यासाठी नऊ घटक मांडले. त्यांत पहिला घटक एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे भाषा जाणे हाच आहे. इतर सर्व ओळींत भाषा हरली आणि ही ओळ टिकली, तर तिला परतण्याची वाट असते. ही ओळ तुटली की उरलेल्या वक्त्यांची संख्या कितीही मोठी दिसो, घड्याळ सुरू झालेले असते.

जनगणनेचे आकडे जपून वापरावेत

आकडा वापरण्यापूर्वी त्या वर्षी प्रश्न कसा विचारला होता, हे शोधून काढावे. आयर्लंडमध्ये १८५१ ते १८७१ या जनगणनांत भाषेचा प्रश्न तळटीपेच्या रूपात होता, त्यामुळे तो अनेकांच्या नजरेतून सुटला. शिवाय ज्या भाषेशी गरिबी आणि मागासपणाचा शिक्का जोडला गेला आहे, ती आपली असल्याचे सरकारी माणसापुढे सांगायला लोक कचरतात.

भारतात वर्गीकरणाचा प्रश्न अधिक मोठा आहे. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र आकडेवारी देणे थांबले. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली १९,५६९ नावे छाननीअंती १२१ भाषांखाली गोळा केली गेली. म्हणून १९६१ आणि २०११ चे आकडे शेजारी ठेवून ‘इतक्या भाषा मेल्या’ असे म्हणणे निराधार ठरते. त्यातला बराच फरक नोंदीच्या पद्धतीचा आहे. इंग्रजीच्या बाबतीत उलटी फसगत होते. २०११ मध्ये इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम २.६ लाख होते, पण दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे सुमारे १२.९ कोटी होते. केवळ मातृभाषेचा रकाना पाहणाऱ्याला भारतात इंग्रजीचा प्रभाव जवळजवळ नाही असेच वाटेल.

शाळेबद्दल नेमके प्रश्न विचारावेत

‘शाळेत मातृभाषेवर बंदी होती का’ हा प्रश्न अपुरा आहे. मुले रोज घरी परतत होती की निवासी शाळेत राहत होती, हे आधी विचारावे, कारण परिणामातला सर्वांत मोठा फरक तेथे पडतो. दिवसाच्या शाळेत इंग्रजीसाठी मार खाणारे मूल संध्याकाळी आजीशी आपल्या भाषेत बोलते. कॅनडातील निवासी शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुले ठेवली गेली आणि त्यांना कुटुंबापासून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे दूर ठेवले गेले. अमेरिकेत १८७९ मध्ये कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी सुरू झालेल्या निवासी शाळेने हाच नमुना घालून दिला. अशा शाळांतून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे स्वतःच्या मुलांशी आपली भाषा मुद्दाम टाळली, कारण त्या भाषेशी मारहाणीची आठवण बांधली गेली होती. भाषा तुटण्याची घटना म्हणून शाळेच्या वर्षांइतकेच तिच्यानंतरचे हे मौन महत्त्वाचे आहे, आणि ते कोणत्याही सरकारी अहवालात तारखेसह नोंदलेले नसते.

यासोबत एक अवघड प्रश्न टाळू नये: लोकांनी इंग्रजी स्वतःहून मागितली का? काही माओरी नेत्यांनी एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी इंग्रजी शिक्षण मागितले होते. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, कारण ज्ञानाच्या जुन्या दारांवर जातीचा पहारा होता आणि इंग्रजी शिक्षणातून त्यांना मुक्तीची शक्यता दिसत होती. ही मागणी खरी होती. ती मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावा: इंग्रजी जोडून घेण्याची मागणी झाली होती की स्वतःची भाषा सोडून देण्याची? जोडण्याची मागणी आणि सोडायला लावणारी व्यवस्था यांतले अंतर दाखवणे, हे या अभ्यासाचे मोलाचे काम आहे.

वसाहतकाळातील कागदपत्रे कशी वाचावीत

ज्यांनी भाषा दडपल्या त्यांच्याच दप्तरांत त्या भाषांचे सर्वांत जुने नमुने सापडतात, याची तयारी ठेवावी. सिडनीच्या परिसरातील भाषेची ब्रिटिश नौदल अधिकारी विल्यम डॉस यांची १७९०-९१ ची टिपणे पटयेगारांग या तरुणीच्या बोलण्यावर आधारलेली आहेत. अ‍ॅडलेडच्या कौर्ना भाषेचे शब्द आणि व्याकरण टायकेलमान व शूरमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४० मध्ये छापले. त्यांच्याच आधारावर त्या समाजाने आपली झोपी गेलेली भाषा विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा शिकायला घेतली.

परंतु प्रत्येक दस्तऐवजाबद्दल माहिती कोणी दिली, कोणत्या भाषेच्या मध्यस्थीने दिली आणि कशासाठी घेतली, हे विचारावे. १८९४ पासून १९२८ पर्यंत चाललेल्या ग्रिअर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाने १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या, आणि ते आजही अमूल्य आहे. मात्र त्यातील बरेच नमुने बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेची भाषांतरे आहेत आणि ती स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाली. भाषांतरित गोष्टीत लोकांची स्वाभाविक वाक्यरचना कितपत उतरली असेल, याचा विचार करावाच लागतो. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर या सर्वेक्षणाबाहेर राहिले, त्यामुळे तेथील भाषांबद्दल त्याचे मौन हा कशाचाही पुरावा होत नाही.

नकाशे आणि गावांची नावेही तपासावीत. आयर्लंडमध्ये १८२४ पासून झालेल्या भूमापनात हजारो स्थळनामे इंग्रजी वळणाने लिहिली गेली. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाला १८७३ मध्ये एका राजकारण्याचे नाव मिळाले आणि मूळ नावासह जोडनाव अधिकृत व्हायला १९९३ उजाडले.

शब्द आणि वाक्यरचना

या टप्प्यावर भाषेच्या अंतरंगाकडे यावे. एखादी लकब इंग्रजीमुळे आली असे म्हणण्यापूर्वी ती इंग्रजी संपर्काच्या आधीच्या लेखनात नाही, हे दाखवणे बंधनकारक मानावे. मराठीसाठी महानुभावांचे गद्य, बखरी आणि पेशवाईतील पत्रव्यवहार हे साधन हाताशी आहे. ‘की’ हे उभयान्वयी अव्यय फारसीतून आल्याचे मानले जाते. ते इंग्रजीच्या खात्यावर टाकणारा घाई करतो. मराठीतील विरामचिन्हांची आजची पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी व कोशकार मेजर कँडी यांच्या काळापासून रुळली आणि तिचे इंग्रजी मूळ स्पष्ट आहे. ज्या भाषांना जुने लिखित साहित्य नाही, तेथे शेजारच्या, इंग्रजीशी कमी संबंध आलेल्या बोलीशी तुलना करावी.

बोलणाऱ्यांकडे जाताना

मुलाखतीपूर्वी समाजाची आणि व्यक्तीची संमती घ्यावी. ध्वनिमुद्रण कोण ऐकू शकेल, ते कोठे राहील आणि संमती मागे घ्यायची असल्यास काय करावे, हे त्यांच्या भाषेत सांगावे. कॅनडातील आदिवासी समाजांनी माहितीची मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा ही चार तत्त्वे यासाठीच आखली आहेत. शाळेतील शिक्षांविषयीचे प्रश्न जुन्या जखमा उघडतात, म्हणून ते शेवटी आणि केवळ सांगणाऱ्याची इच्छा असेल तरच विचारावेत. एकाच घरातील तीन पिढ्यांशी बोलणे शक्य असल्यास ते आवर्जून करावे; आजी नातवाशी कोणत्या भाषेत सुरुवात करते आणि नातू कोणत्या भाषेत उत्तर देतो, एवढे पाहिले तरी तक्त्यातली शेवटची ओळ भरता येते.

ध्वनिमुद्रण, फाइलचा आकार कमी न करता, वेव्ह (WAV) स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाचे ठेवावे. लिप्यंतर व भाषांतर ध्वनीशी जुळवून ठेवण्यासाठी ईलान (ELAN) ही मोफत संगणक-प्रणाली वापरता येते.

निष्कर्ष मांडताना

शेवटी प्रत्येक दाव्यापुढे ‘इंग्रजी नसती तर काय झाले असते’ हा प्रश्न ठेवावा. रोगराई, दुष्काळ, रेल्वे, शहरीकरण आणि शेजारच्या मोठ्या भाषेचे दडपण यांचा वाटा वेगळा दाखवावा. भाषेची आजची अवस्था सांगण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांची भाषा पिढ्यांमध्ये किती तुटली हे दाखवणारी आठ पायऱ्यांची श्रेणी किंवा युनेस्कोचे घटक वापरावेत. उलट दिशेने झालेले प्रयत्नही त्याच तक्त्यात नोंदवावेत: न्यूझीलंडमध्ये १९७२ मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला, १९८२ मध्ये लहान मुलांसाठी माओरी भाषेची घरटी म्हणून ओळखली जाणारी बालकेंद्रे सुरू झाली आणि १९८७ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. या क्रमात मुलांपर्यंत भाषा पोहोचवण्याचे काम कायद्याच्या आधी सुरू झाले, हे नोंदण्यासारखे आहे.

अहवालाची एक प्रत, मूळ ध्वनिमुद्रणे आणि शब्दसूची त्या समाजाने सुचवलेल्या ठिकाणी द्यावी. अहवालाचा सारांश त्यांच्या भाषेत, त्यांना वाचता येणाऱ्या लिपीत किंवा वाचनाची सवय नसेल तर ध्वनिरूपात तयार करावा, आणि छापण्याआधी तो त्यांच्यापैकी जाणत्यांकडून तपासून घ्यावा. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या आणि मान्य न झालेले आक्षेप, दोन्ही अहवालात तसेच्या तसे नोंदवावेत.